सावळी आहे, पण हुशार आहे

आई, शनिवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. माझी सून तू पाहिली नाहीस, तू गेल्यावर ती घरात आली. जन्म शिकागोचा, आईवडील मेक्सिकोचे, लहान मुलांची डॉक्टर आहे, सध्या सातवा महिना. ती स्वयंपाकघरात तिळगूळ वाट्यांत भरत होती. माझी जुनी मैत्रीण आत आली, उष्टे कप तिच्या हातात दिले आणि एकेक शब्द तोडत म्हणाली, "यू फ्री ट्यूसडे? माय हाऊस ऑल्सो क्लीनिंग?" सुनेनं कप घेतले आणि हसली. मी सिंकपाशी होते. ताडकन म्हटलं, "अगं, सून आहे ती माझी! डॉक्टर आहे!" "अय्या, सॉरी गं! साडीत नाही ना, म्हणून." सगळ्या हसल्या.

बायका गेल्यावर सुनेनं स्वतःचं ब्लड प्रेशर घेतलं. वाढलेलं. मी म्हटलं, एवढ्याशा गोष्टीवरून? मशीन आवरत ती म्हणाली, "एवढंसंच असतं, आई, पण रोज असतं. क्लिनिकमध्ये मलाच विचारतात, डॉक्टर कधी येणार. आमच्या दारातला बर्फ काढत असले की शेजारी विचारतो, किती घेतेस. बोलावं की हसावं, प्रत्येक वेळी ठरवायचं. झोपेतसुद्धा ठरवत असते." कोट चढवता चढवता थांबली. "आणि तुम्ही डॉक्टर का म्हणालात? माझी आई ऑफिसं साफ करते. तिच्या हातात कप दिले असते, तर चाललं असतं?"

मला तू आठवलीस. ओट्यापाशी तू पोळ्या लाटतेस, आत्या माझ्या रंगावरून बोलते आणि तू लाटणं न थांबवता म्हणतेस, "सावळी आहे, पण हुशार आहे हो माझी." केवढी फुशारले होते मी! त्या जोरावर कॉलेज केलं, इथवर आले. पण आई, माझा रंग हा दोष, हे तूही मान्यच केलं होतंस. फक्त हुशारीनं भरून काढलंस. शनिवारी मी तेच केलं.

तिला आता डोहाळजेवण नको आहे. काल फोन करून म्हटलं, "कर गं. कोणाला बोलवायचं ते तू ठरव. माझ्या मैत्रिणी नकोत तर नकोत." "ओके, आई," एवढंच म्हणाली. हे पत्र ड्रॉवरमध्येच जाईल, म्हणून लिहिते: तिच्या त्या बोलावण्यात मी आहे का, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही.