दोघे म्हणजे सभा

१४ जानेवारी, मंगळवार

इंजिनिअरने आज जुन्या धक्क्याची आशा सोडली. पाण्यातले लाकडी खांब आतून पोखरलेत. वरून काही दिसत नाही, पण कधी दगा देतील सांगता येत नाही. दुरुस्ती आमच्या एवढ्याशा बंदराच्या आवाक्याबाहेरची. बंद करा, म्हणाला. मग खेकडे धरणाऱ्या लहान बोटींनी जायचं कुठे? नव्या धक्क्यावर जागाच नाही. अर्लची बोटही जुन्यावरच. पुढच्या महिन्यातल्या सभेत मतदान. बंदर लोकांचं, आणि लोकांनी निवडून दिलेले कमिशनर आम्ही तिघे — अर्ल, रिक आणि मी.

संक्रांत म्हणून तिळगूळ नेला होता. अर्लला एकट्याला घरी बोलावून देता येत नाही, म्हणून भर सभेत सगळ्यांनाच वाटला. रिकला, मॅनेजरला, मागे पेंगणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनाही. इतिवृत्तात त्याची नोंद होणार म्हणे!

१९ जानेवारी, रविवार

रविवार आला की अजून चुकून दोन कप काढते. माझा नवरा उल्हास होता तेव्हापासून अर्ल रविवारी चहाला यायचा. उल्हास गेला, तरी येत राहिला. चहात साखर चार चमचे आणि तोंडी फक्त बंदर! शेवटी यानेच मागे लागून मला निवडणुकीला उभं केलं. गावाच्या फार्मसीत सगळ्यांची औषधं मीच बांधून दिलेली, त्यामुळे निवडूनही आले.

आणि बंदराच्या वकिलाने पहिल्याच दिवशी सांगितलं — तिघांतले दोघे बंदराबद्दल बोलले की ती सभा झाली. ती आधी जाहीर करून, दारं उघडी ठेवूनच घ्यायची. बाकी गप्पा मारायला हरकत नाही. पण आम्हाला बाकी गप्पा येतात कुठे? एकदा करून पाहिलं. हवेपासून सुरुवात केली. हवेवरून वारा निघाला, वाऱ्यावरून लाटा, लाटांवरून धक्का — अर्लने कप खाली ठेवला, टोपी घातली. "मीना, दोघंही तुरुंगात जाऊ." हसत गेला, तो पुन्हा आला नाही.

प्रीताचा अल्फारेटाहून फोन. लेकीला हे सगळं वेडेपणाचं वाटतं. "आई, जस्ट टॉक टू हिम. हू इज गोइंग टु नो?" मला कळेल ना, म्हटलं. शपथ मी घेतली आहे.

२७ जानेवारी

पोस्टात अर्ल दिसला. कपडे अंगावर लोंबत होते. डोळे पिवळे. जन्म औषधांच्या काउंटरमागे गेला माझा, ते पिवळेपण ओळखते मी. तब्येत विचारायला तर कायद्याची आडकाठी नव्हती! पण मागे रांग, ओळखीचे कान. कसा आहेस, एवढंच विचारलं. म्हातारा, म्हणाला. मी तिकिटं घेऊन घरी आले. फार एकटं वाटतंय आज.

५ फेब्रुवारी

धक्क्यावर जाऊन आले. उल्हासच्या अस्थी इथूनच नेल्या होत्या, अर्लच्या बोटीतून. खोल पाण्यात गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं होतं आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला होता — मला मोकळं रडता यावं म्हणून.

अहवाल पुन्हा वाचला. इंजिनिअरचं बरोबर आहे, कळतंय मला. तरी ठरलं. बंद करायच्या विरोधात मत देणार. त्या माणसाची बोट मी नाही हलवणार.

११ फेब्रुवारी

सभा झाली. हॉल भरलेला, गमबूट घालून आलेली माणसं भिंतीला टेकून उभी. धक्का बंद करावा, असा ठराव रिकने मांडला. त्याचं मत, बंद. माझं, नको. मागे टाळ्या पडल्या. अर्ल अध्यक्ष, त्याचं मत शेवटी. सगळे निश्चिंत, मीसुद्धा. आता तो नको म्हणेल आणि धक्का वाचेल.

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "बंद."

कुणी तरी त्याला गद्दार म्हणालं. चाळीस वर्षं शेजारी बोट बांधणाऱ्यांतलंच कुणी. तो उठून गेला. माझ्याकडे बघितलंही नाही.

१२ फेब्रुवारी

माझा राग आला असेल का? काय चुकलं माझं?

१४ फेब्रुवारी

धक्क्याला साखळी लावली.

१६ फेब्रुवारी, रविवार

अर्ल दारात उभा. काल राजीनामा दिला म्हणाला, आता काय विचारायचं ते विचार. मी आधी डोळ्यांचंच विचारलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. उपचार घेणार नाही. मग धक्का — तुझी स्वतःची बोट तिथे, तरी का?

"उन्हाळ्यापर्यंत मी नसेन, मीना. पुढे तो कोसळून कुणी गेलं असतं, तर लोकांसमोर तुला एकटीला उभं राहावं लागलं असतं."

त्याला आत ये म्हणायचंही भान राहिलं नाही. दारातच रडले.