पिंगळीत गिरवलेली कोरियन अक्षरं

१४ नोव्हेंबर

लेकीनं, भक्तीनं, कोरियातून मोबाईलवर तिथल्या अक्षरांचा तक्ता पाठवला. काड्या, चौकोन, गोल – लेकरानं भिंतीवर रेघोट्या ओढल्यासारखं सगळं. डोकं गरगरलं. पण जानेवारीत तिचं तिथं बाळंतपण. जावई महारुद्रराव दिवसभर संशोधनाच्या कामात. मला निदान दुकानाची पाटी तरी वाचता यावी.

ह्यांचं निराळंच. "सविता, परभणीच्या पुढं तू एकटी कधी गेली न्हाईस. तिकडं चुकलीस तर कुणाला इचारशील? तुझं जाणं मला पटत न्हाई."

लेक एकटी आहे, मी जाणार.

१७ नोव्हेंबर

न आला. म आला. म म्हणजे नुसता चौकोन – ㅁ. दार नसलेली खोली.

२१ नोव्हेंबर

आज गंमत कळली. ही अक्षरं सुटी नाहीत, एकावर एक रचायची. आपल्या काना-मात्रेसारखंच की! न ला आ लावला – 나, झाला ना. अन् तो गोल ㅇ, तो आधी आला तर मुका, खाली आला तर ङ. शाळेत ङ घोकला, पुढं जन्मात कधी लागला नाही. आता लागला.

२२ नोव्हेंबर

शेतात कापूस वेचायला बाया होत्या. जेवणाच्या सुट्टीत काडीनं मातीत लिहीत बसले. त्यातल्या चांगुणाबाई आल्या. "काय करायलीस गं?"

"तुमचं नाव लिहायलेय." 창구나. ङ बरोबर खाली बसला.

त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग कापसाचं गाठोडं उचललं अन् नावावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून गेल्या.

२५ नोव्हेंबर

पिंगळी लिहायला गेले तर त्यांच्याकडं ळ नाही! गाव अर्धवटच राहिलं.

२९ नोव्हेंबर

물. पाणी. वाचायचं मुल! भक्तीला म्हटलं, तुझ्याकडं पाण्याला मूल म्हणतात. ती पोट धरून हसली.

बाकी आज ग अन् क सारखे चुकले. चिडून मोबाईल उशीखाली टाकला. थोड्या वेळानं परत काढला.

४ डिसेंबर

आजचं सगळं लिहून ठेवते.

दुपारी भक्तीचा व्हिडिओ कॉल. हे बाजूला जेवायला बसलेले. भक्ती मोबाईल टेबलावर टेकवून न्हाणीत गेली. तेवढ्यात तिच्या घरमालकीण आजी आत आल्या – ऐंशीच्या जवळच्या, पाठीत वाकलेल्या. हातात फाटकावरून काढलेला कागद. भक्तीला हाक मारली, ती दिसेना. मग मी दिसले. हसल्या. कागद माझ्यापुढं धरला.

मला वाटलं, परीक्षा घ्यायल्यात. वरची मोठी अक्षरं एकेक जुळवत मोठ्यानं वाचली – "ने... इल. दान... सू."

आजी थबकल्या. बोटानं खूण केली, परत. मी परत वाचलं. "दान्सू!" म्हणत त्या तुरुतुरु निघाल्या. लगेच नळ सोडल्याचा आवाज, बादली सरकवल्याचा आवाज. पातेली, टोप, हाताला येईल ते भरायल्या.

मला कुणी काही सांगावं लागलं नाही. उद्या पाणी नाही! परभणी जिल्ह्यातल्या बाईला एवढं कळायला काय लागतं!

भक्ती ओल्या केसांनी बाहेर आली. "आई, तू वाचलंस? आजींना वाचता येत न्हाई गं. लहानपणी भावांना शाळेत घातलं, ह्यांना न्हाई. सगळं माझ्याकडूनच वाचून घेतात."

म्हणजे मला वाचता येतं, अर्थ कळत नाही. त्यांना अर्थ कळतो, वाचता येत नाही. दोघींनी मिळून एक कागद वाचला – मी पिंगळीत, त्या कोरियात.

ह्यांचा घास हातातच राहिला होता.

५ डिसेंबर

हे सकाळीच पांढरा सदरा घालून तयार. "परभणीला जायलोय. तिकिटाचं बघून येतो."

९ डिसेंबर

भक्तीचा फोन. आजींनी विचारलंय – तुझी आई आल्यावर मला अक्षरं शिकवंल का? त्यांना स्वतःचं नाव लिहायचंय.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "त्या आजींसाठी इथून पाटी-पेन्सिल घेऊन जातीस का?"