कॅप्टनचा माणूस

४ जानेवारी, रविवार

पाडलं. एकवीस वर्षांनी हातात रिमोट घेतला आणि चाळीस सेकंदांत विमान पाडलं!

चूक पण कसली — पहिल्या धड्यातली. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. मीच एके काळी नवख्यांना घसा कोरडा करून सांगायचो : जो पंख खाली दिसेल, स्टिक त्याच बाजूला द्या. आज डावीकडचा पंख खाली गेला आणि मी स्टिक दिली उजवीकडे. नाक सरळ मातीत.

सगळे धावत आले. कॅप्टन सोडून. तो खुर्चीतून हललासुद्धा नाही. लांबूनच म्हणाला, "पडलं का रे?" म्हणे पडलं का. अख्ख्या मैदानाने पाहिलं, आणि हा मला विचारतोय.

कॅप्टन म्हणजे हिचा थोरला भाऊ. आधी माझा मित्र, मग मेव्हणा. विमानांचा नाद आम्हा दोघांना एकदमच लागला. पुढे मला दुकान आलं, मुलगी झाली, मी सोडलं. त्याने सोडलं नाही. म्हणून आज तो क्लबाचा कॅप्टन आणि मी नवखा. माझ्यानंतर त्याने उडवलं. तीन गिरक्या, एक उलटा झोका, आणि असं अलगद उतरवलं की गवतसुद्धा हललं नाही. टाळ्या.

माझ्या पोटात दुखलं. इथे कोण वाचतंय, लिहायला काय हरकत आहे. चांगलंच दुखलं.

७ जानेवारी

जेवणाच्या टेबलावर तुटलेला पंख पसरला आहे. ही ताटं घेऊन उभी. "दादाच्या घरी कधी असा पसारा नसतो हो."

नसणारच. दादा हल्ली विमानं तयार आणतो. खोक्यातून काढायचं, चार स्क्रू पिळायचे, की झालं. आमच्या काळी एक पंख करायला महिना जायचा. पण दादाचं सगळंच कौतुकाचं!

११ जानेवारी, रविवार

माझं विमान अजून दवाखान्यात आहे. नुसतं बघायला गेलो होतो. कॅप्टनने खांद्याला धरून शेजारी उभं केलं.

"दाजी, बाजूला थांब. आणि बोलत राहा."

मित्र होतो तेव्हापासून अरे-तुरे आहे. 'दाजी' फक्त चेष्टेला.

"काय बोलू?"

"दिसेल ते. किती लांब आहे, पंख सरळ आहेत का, तोंड कुठे आहे."

उडवणाऱ्याच्या खांद्यामागे असा एक माणूस ठेवायची पद्धत आहे. स्पर्धेत मोठे खेळाडू ठेवतात. वारा, लांबी, मधे येणारी दुसरी विमानं, सगळं तो सांगतो. पण हा साधा रविवार! रविवारी सकाळी कसला आलाय एवढा थाट? तरी बोललो. "सरळ. जरा डावा खाली. आता लांब चाललं. वळव. आता आपल्याकडे तोंड." अर्धा तास पोपटपंची. त्याने उडवलं झकास. टाळ्या त्याला. माझा घसा बसला.

१४ जानेवारी

काउंटरमागे बसून पंखाच्या अकरा फासळ्या कापल्या. एक बाई चष्म्याचा नंबर काढायला आल्या होत्या, त्यांना दहा मिनिटं थांबवलं. हात अजून शाबूत आहे!

१८ जानेवारी, रविवार

आता याला घरून आणायलाही मीच जायचं. हिचा हुकूम. "तुम्ही जाताच आहात ना, मग दादाला घेऊन जा." त्याची गाडी दारात उभी, वर बोटभर धूळ. विचारलं, चालवत का नाहीस? म्हणाला, "ड्रायव्हर मिळालाय ना." आणि स्कूटरवर माझ्या मागे बसला, राजासारखा.

डोळ्यांवर नवा काळा गॉगल. कुठून घेतला? दुसऱ्या दुकानातून! सख्ख्या बहिणीचा नवरा तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय, आणि हा गॉगल बाहेरून आणतो. दीड-दोन वर्षांत दुकानाची पायरी चढलेला नाही. आमचं दुकान साहेबांना लहान पडत असेल.

शिवाय दुपारी आमच्याकडे जेवायला आला तेव्हा एक काम दिलं. नव्या विमानावरचा कागद बदलायचा. "वरून भडक नारिंगी, खालून काळे जाड पट्टे. अगदी जाड." मी म्हटलं, सर्कस आहे का? "असू दे सर्कस. तुझ्या हाताची सफाई आमच्याकडे नाही." गोड बोलून हमाली करून घ्यायची हे त्याला लहानपणापासून जमतं. ही बाजूलाच होती. म्हणाली, "करा ना, दादा कधी काही मागतो का?"

केलं. आणि सुंदर केलं, हे स्वतःच लिहितो, कारण दुसरं कोणी म्हणणार नाही.

२५ जानेवारी, रविवार

उडालं! चार मिनिटं दहा सेकंद. माझ्या हातचं, माझ्या फासळ्यांचं. आपल्याकडे तोंड करून आलं तेव्हा या वेळी स्टिक बरोबर बाजूला गेली. उतरताना दोन उड्या मारल्या, तरी चाकं जागेवर.

वळून पाहिलं तर कॅप्टन खुर्चीत, मान खाली, हातात चहा. म्हणाला, "मस्त. मोटरचा आवाज छान येत होता."

आवाज! एकवीस वर्षांनी मी विमान उडवतो आणि हा आवाजाचं कौतुक करतो. मान वर करून बघायचेही कष्ट नाहीत. घरी येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तो मागे बसून गुणगुणत होता.

१ फेब्रुवारी, रविवार

पंधरा तारखेला क्लबाची स्पर्धा आहे. मैदानात चुन्याचं वर्तुळ, जो बरोबर मधे उतरवेल तो जिंकला. आठवडाभर मनात घोकत होतो. आज नाव द्यायला गेलो तर सेक्रेटरी म्हणाले, "तुमचं नाव आहे की. कॅप्टनच्या बाजूला उभे राहणार ना? एका माणसाला एकच काम, नियम आहे."

मला न विचारता! अंगाचा तिळपापड झाला. त्याला जाब विचारला. त्याने गॉगल काढून पुसला. मग म्हणाला, "ही एक स्पर्धा. पुढच्या वेळी तू उडव, मी खुर्चीत बसतो. शब्द."

पुढच्या वेळी. मी छप्पन्न वर्षांचा आहे.

हिला सांगितलं तर तिने डोळ्यांत पाणी आणलं. भावासाठी. माझ्यासाठी आणलेलं मला आठवत नाही. हो म्हणालो.

८ फेब्रुवारी, रविवार

सराव. एक नवीन गृहस्थ आले होते. सेक्रेटरींनी ओळख करून दिली — "हे आमचे कॅप्टन. आणि हा कॅप्टनचा माणूस."

कॅप्टनचा माणूस!

१५ फेब्रुवारी, रविवार

आज जे केलं ते इथे लिहिणार आहे. दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही.

दोन फेऱ्या झाल्या, कॅप्टन पहिला. तिसरी फेरी. खुर्च्या भरलेल्या, ही पहिल्या रांगेत. सकाळपासून तीन जणांनी माझ्या हातात त्याची पाण्याची बाटली दिली होती. माझं विमान घरी कपाटावर होतं.

नारिंगी विमान लांब गेलं, पांढऱ्या ढगाखाली. मी सांगत होतो, "लांब. वळव डावीकडे. हां, आता तोंड आपल्याकडे. खाली येतंय." मागून कोणीतरी म्हणालं, "काय हात आहे हो या माणसाचा." आणि मी तोंड मिटलं. ठरवून मिटलं. मनात म्हटलं, एवढा हात आहे ना, मग उतरव की एकट्याने.

डावीकडचा पंख खाली जायला लागला. मला स्पष्ट दिसत होतं.

"बोल," तो म्हणाला.

मी गप्प.

"बोल ना रे."

त्याने स्टिक उजवीकडे दिली. माझीच चूक, पहिल्या रविवारची! विमान आडवं होऊन कुंपणावर आदळलं. मी चिकटवलेला नारिंगी कागद तारांवर फडफडत राहिला.

क्षणभर बरं वाटलं. हेही लिहितो. फार बरं वाटलं.

मग त्याच्याकडे पाहिलं. विमान कुंपणावर होतं आणि तो अजून ढगाकडे तोंड करून, रिमोट धरून उभा होता. मला वाटलं धक्का बसला. लोक जमले तेव्हा म्हणाला, "वारा होता." माझ्याकडे बोट केलं नाही. परत येताना स्कूटरवर त्याने माझा खांदा घट्ट धरला होता.

१६ फेब्रुवारी

हिने दोनदा विचारलं. सांगितलं, वारा होता.

२२ फेब्रुवारी, रविवार

कॅप्टन आला नाही. फोनही उचलत नाही. मी एकट्याने सहा मिनिटं उडवलं, वर्तुळाच्या दोन पावलं बाहेर उतरवलं. सेक्रेटरींनी पाठ थोपटली. हेच तर हवं होतं! तरी मधेच दोनदा तोंडातून निघालं, "सरळ. आता आपल्याकडे तोंड." बाजूला कोणी नव्हतं.

२४ फेब्रुवारी

दुपारी कॅप्टन दुकानात आला. पायरीला अडखळला. गॉगल काढून तपासणीच्या खुर्चीत बसला. "दाजी, बघ जरा."

तक्त्यावरचं सगळ्यात वरचं, वितीएवढं अक्षर त्याला मान तिरपी करून वाचता आलं. त्याखालचं काही नाही. काचा बदलत गेलो, शेवटी पेटी बंद केली. माझ्या काचांनी होण्यातलं नव्हतं.

"मधोमध डाग आहे. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात वाढणार. तुझ्याकडे आलो असतो तर तू लगेच ओळखलं असतंस. क्लबाने उभं केलं नसतं, आणि तुझ्या बायकोने रडून घर डोक्यावर घेतलं असतं."

"मग उडवत कसा होतास?"

"आधी सवयीने, मोटरच्या आवाजावर. मग तू सांगायचास तसं."

मी काचा पुसत बसलो. पुसलेल्याच परत पुसल्या.

"त्या दिवशी तू मधेच थांबलास ना," तो म्हणाला, "मला वाटलं, आता कानही गेले."

मी या वेळीही गप्प राहिलो.