कॅरिबू आपणहून उठेपर्यंत

१४ जुलै
आजपासून माझा नियम लागू. रस्त्यावर कॅरिबू, आमच्या या बर्फाळ उत्तरेचं रानटी हरीण, दिसलं की ट्रक थांबवायचा, इंजिन बंद करायचं. भोंगा नाही, ओरडणं नाही. शेवटचं जनावर आपणहून जाईपर्यंत थांबायचं. 'आपणहून' हा शब्द मी तीन मसुद्यांत टिकवला. मॅनेजर थिबो साहेबांनी न वाचता सही केली. याला विश्वास म्हणतात.
३१ तारखेला प्रोबेशन संपतं. पर्यावरण अधिकारी म्हणून कायम व्हायचंच. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. निकेलच्या या खाणीत आमच्या, म्हणजे इथल्या मूळच्या शिकारी लोकांच्या, जनावरांची काळजी आमच्याच माणसाने घ्यायला हवी.

१६ जुलै, दुपार
पहिली परीक्षा. बारा कॅरिबू आली, वीस मिनिटांत गेली. एकही भोंगा नाही. डोळे भरून आले.
तामुसी मामा खाणीतून बंदरावर माल नेणारा ट्रक चालवतो. रेडिओवर म्हणाला, काय गं भाची, बारा जनावरं गेली की बारा जेवणं गेली? सगळे ड्रायव्हर हसले. जागृती विनोदातूनच सुरू होते.

१९ जुलै, सकाळी ७
वारा पडलाय. डासांचे ढग. किलोमीटर ४१ वर दोनशे कॅरिबू. रस्ता उंच, खडीचा, तिथे थोडी झुळूक असते. म्हणून येऊन बसली.

दुपारी ४
अजून बसलेली. अकरा ट्रक उभे. मामा म्हणाला, डास हटल्याशिवाय ती हलायची नाहीत, हे कॉलेजात सांगितलं नाही का तुला? मी म्हटलं, कॉलेजात आकडेवारी होती.

२१ जुलै
एकशे नव्याण्णव गेली. यश साडेनव्व्याण्णव टक्के.
एक राहिलं. म्हातारा नर, एक शिंग वाकडं. रस्त्याच्या बरोबर मधोमध.

२३ जुलै
म्हातारा तिथेच. खाणीतली कोठारं भरून वाहायला लागली, म्हणून दगड दळायचं बंद. बंदरात जहाज रिकामं उभं. कप्तानाने विचारलं म्हणे, जनावराला भेटायचं तर आधी वेळ घ्यावी लागते का?
मामा रोज तेच. एक गोळी, पाच मिनिटं, संध्याकाळी सगळ्यांना सूप. खाणीच्या हद्दीत शिकारीला बंदी आहे, असं त्याला लेखी दिलं. त्याने नाक मुरडलं. आमच्यात नाक मुरडलं म्हणजे नाही. नक्की कशाला नाही, ते विचारलं नाही.

२५ जुलै
थिबो साहेबांनी बोलावलं. म्हणाले, बाई, तो एक शब्द तेवढा काढा. मी म्हटलं, शब्द नाही, तत्त्व आहे. ते म्हणाले, तुम्हाला कायम करायचा कागद टेबलावरच आहे, जहाज कधी भरतंय त्याची वाट बघतोय. आवाज कापत होता. साहेब निसर्गाबद्दल हळवे होत चाललेत.

२७ जुलै, दुपारी २
निर्णय. स्वतः जाऊन म्हाताऱ्यापासून पन्नास पावलांवर शांत बसणार. त्याला माझी सवय होईल, विश्वास बसेल, मग तो आपणहून उठेल. डासांची जाळी घेणार नाही. कापड फडफडलं तर बुजेल.

संध्याकाळी ५
बोटं सुजलीत, अक्षर खराब.
पहिली चौदा मिनिटं उत्तम. मग डास कानात. मग तोंडात. पुढचं वर्णन मामाने रेडिओवर सगळ्यांना ऐकवलं. पोरगी उठली, हात गरागरा फिरवले, किंचाळत थेट कॅरिबूच्या अंगावर गेली! हे चूक आहे. मी ट्रककडे धावत होते. कॅरिबू मध्ये होतं.
चार सेकंदांत ते टेकडीपलीकडे. अकराही ट्रकांनी भोंगे वाजवले. नियमभंग अकरा. माझा धरला तर बारा. धरलेला नाही.

३१ जुलै
कायम झाले!
नियम मात्र रद्द. पर्यावरण अधिकारी हे पदही रद्द. माझं नवं पद 'रस्ता मोकळा करणारी'. शिफारशीवर अकरा ड्रायव्हरांच्या सह्या, पहिली मामाची. साहेब म्हणाले, तुम्ही शिकलेल्या असलात तरी या कामात काही बिघडत नाही.
सही केली. व्यवस्था आतूनच बदलते.
आजीला फोन केला. ती मला 'आई' म्हणते, कारण मला तिच्या आईचं नाव दिलंय, आणि आमच्यात ज्याचं नाव, माणूस तोच. विचारलं, काम काय गं? कॅरिबू दिसली की ओरडत धावायचं, म्हटलं. आजी आनंदाने रडलीच. म्हणाली, आई, लहानपणी तू हेच करायचीस! तुम्ही पोरी लांडग्यासारख्या ओरडत कळप शिकाऱ्यांकडे हाकायच्यात. मग म्हणाली, पण तेव्हा संध्याकाळी मांस तरी मिळायचं.

३ ऑगस्ट, सकाळी ६
नव्या कामाचा पहिला दिवस. किलोमीटर ४१, नऊ कॅरिबू. ओरडले. धावले. पुन्हा ओरडले.
एकाने मान वर करून पाहिलं आणि रवंथ सुरू केलं.
रेडिओवर कळवलं, काम चालू आहे.