डोक्यासकट फोटो

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कारात शिर मुद्दाम घातलंय. आपल्या घरात सध्या शिराला फार भाव आलाय, पुढे कळेलच.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचं घोरणं थांबलं, की तूच सवय करून घेतलीस? इकडे सगळे ठणठणीत. आईची तर विचारूच नकोस, लढाई मारून आल्यासारखी घरभर फिरतेय.

कारण कॅमेरा घेतला, ताई! तू फोनवर म्हणाली होतीस ना, की हातात मोबाईल असताना या वयात आईला हे खेळणं कशाला? तुला वाटलं, तू माझ्याशी बोलतेयस. अगं बाई, फोन स्पीकरवर होता आणि आई शेजारीच बसून माझ्या शर्टाला बटण लावत होती. तिनं फक्त दोरा दातानं तोडला. तेव्हापासून तुझा फोन आला की ती नेमकी न्हाणीघरात असते, आणि तूही फुरंगटून सुट्टीत येणं रद्द केलंस. (दोघी एकाच मातीच्या. मी मात्र मधल्यामध्ये भरडला गेलो.) आता मोबाईल तिला का नको, तेही ऐक. तिचं म्हणणं, ज्या वस्तूवर फोटो काढता काढता गॅस एजन्सीचा फोन येतो, ती वस्तू धड कुठलंच काम करत नाही.

आणि तिला कॅमेरा हवा कशाला, हे तुला सांगायला नको. बाबा पडले भूगोलाचे मास्तर. त्यांच्या फोटोत जमीन भरपूर असते आणि माणसं गळ्यापर्यंत. तुझ्या लग्नाचा आपला घरचा अल्बम आठवून बघ: सासरी निघताना तू आईच्या गळ्यात पडली आहेस, दोघींच्या चपला अगदी स्पष्ट आहेत, आणि डोकं एकीलाही नाही. तुझ्यासोबतचा आईचा शिरासकट असा एकही फोटो आपल्या घरात नाही. ही गोष्ट तिला किती लागून राहिलीय, हे मलाही आत्ता कळलं.

मी रीतसर अभ्यास केला. मेगापिक्सेल, झूम, बॅटरी, सगळं पाठ करून संध्याकाळी आईपुढे वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘पण त्यात डोकं येतं का?’’ मी म्हटलं, वीस पट झूम आहे. ती म्हणाली, म्हणजे वीस पट मान. पुढे मी वाचणं बंद केलं.

दुकानात जाताना तिनं बाबांना सोबत घेतलं. मला वाटलं, वाट वाकडी करून फिरायला नेतेय. कसलं काय! बिस्किटांच्या कारखान्यात जन्मभर माल तपासलेली बाई ती. तिचा नियम ठरलेला: शहाण्याच्या हातात सगळंच चालतं, वस्तू पारखायची तर वांड माणसाच्या हातात द्यावी. (आपला मिक्सर, इस्त्री आणि भिंतीवरचं घड्याळ याच परीक्षेतून आलंय, आठव.) विक्रेत्यानं पहिला कॅमेरा काढला, काळाभोर, बटणांनी भरलेला. आई म्हणाली, यांच्याकडे द्या. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि चहा गार व्हायच्या आत त्या कॅमेऱ्याला पडद्यावर अशा भाषेत बोलायला लावलं की विक्रेत्यालाही ती वाचता येईना. दुसरा कॅमेरा नाजूक, चंदेरी. त्याची पुढची नळी आपोआप बाहेर आली, ती बाबांना उघडा राहिलेला खण वाटली आणि त्यांनी तळव्यानं आत ढकलली. आतून खडे दळल्यासारखा आवाज आला. विक्रेत्याचा चेहरा पांढराफटक! मग त्यानं नाइलाजानं मागच्या फळीवरून एक साधा, निळा, जाडजूड कॅमेरा काढला, पेन्सिल सेलवर चालणारा. मॉडेल जुनं आहे, असं तो ओशाळून म्हणाला. आई म्हणाली, ‘‘असू द्या हो, मला काय त्याच्याशी सोयरीक जुळवायचीय?’’ बाबांनी त्याची सगळी बटणं दाबली, उलटा धरला, एकदा पाडलाही. प्रत्येक वेळी निमूटपणे फोटोच निघाला. शेवटी बाबा हिरमुसून म्हणाले, याला काहीच होत नाही. आणि आई म्हणाली, हाच बांधा. किंमतही पहिल्या दोघांच्या निम्म्यानं! ताई, माझी निवड अशी अचूक ठरली.

घरी आल्यावर पहिला मान बाबांचा. आईनं त्यांना फाटकाशी उभं केलं. बाबा तिकडून सूचना देत होते, ही निमूट ऐकत होती. मग तिनं बटण दाबलं. फोटोत फाटक आहे, बाबांचा स्वेटर आहे, चपला आहेत, डोकं नाही! मी समजूत घालायला गेलो तर म्हणाली, ‘‘चुकलं नाही रे. मी कशी दिसत आले, ते त्यांनाही कळू दे.’’ बाबा कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघतच राहिले आणि मग असे हसत सुटले की पायरीवरच बसले. हसता हसता डोळे पुसले, आणि कॅमेरा मागून घेऊन म्हणाले, उभी राहा. पडद्यावर आधीच दिसतं ना, त्यामुळे या वेळी अख्खं डोकं आलं, ताई. आईनं तो फोटो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाली, केस विंचरायला हवे होते.

भावोजींना नमस्कार. कंबरेला जप.

तुझा धाकटा

ता. क. १. बाबांचा फाटकाजवळचा फोटो सोबत पाठवतोय. ते ओळखू यावेत म्हणून मागे नाव लिहिलंय.

ता. क. २. सुट्टीचं तेवढं पुन्हा बघ ना. आईनं कपाटातून तुझ्या लग्नातली ती निळी साडी काढून इस्त्री करून ठेवलीय. कशासाठी म्हणून विचारलं तर न्हाणीघरात गेली.

ता. क. ३. (हे मी लिहितेय, आई.) पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंन्, म्हणून वाचलं. निवड याची नव्हे, हा दुसऱ्या कॅमेऱ्यालाच पाणी प्यायला म्हणून दुकानाबाहेर पळाला होता. बाकी सगळं खरं आहे, तिसऱ्याचं मीच याला घरी येताना सांगितलं. ये. रुसवा तिकडेच ठेव, डोकं तेवढं घेऊन ये.