मागच्या गल्लीतली उमेदवार

आई,

तुझी नात ऑस्ट्रेलियात निवडणुकीला उभी राहिली. तिथल्या राज्याच्या विधानसभेला. तू गेलीस तेव्हा ती पाळण्यात होती, त्यामुळे हे तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगणारी आता मी एकटीच उरलेय.

फोनवर ती सहज म्हणाली, "मम्मा, मी उभी राहतेय गं. येतेस का महिनाभर?" घाटकोपरच्या घराला कुलूप लावून मी गेले. वाटलं होतं, सभा असतील, हार असतील, जीपवर भोंगा असेल. तसलं काहीच नव्हतं. रोज दुपारी ती सपाट चपला घालून निघायची आणि एकेक दार वाजवायची. पत्रकांची पिशवी घेऊन मी मागून. एका दारात एक उंच म्हातारा आला, तिला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "जिथून आलीस तिथे परत जा." मी तिचा दंड धरला. ती मात्र हसली. "मागच्या गल्लीतून आलेय," ती म्हणाली. "तुमच्या कोपऱ्यावरचा बसथांबा काढून टाकलाय ना, त्याबद्दलच बोलायला." म्हाताऱ्यानं दार पूर्ण उघडलं. मग बराच वेळ दोघं त्या बसथांब्यावरच बोलत उभे होते आणि मी या पोरीकडे बघत राहिले. हिला मी जन्म दिला?

तिथे, त्या परक्या दारात, मला तू दिसलीस. डोंगरावरच्या आपल्या वस्तीत नळ यावा म्हणून तू महापालिकेला अपक्ष उभी राहिलीस, निशाणी शिलाई मशीन. भाकऱ्या थापताना भाषण पाठ करायचीस. गिरणी सुटलेले बाबा कोपऱ्यातून म्हणायचे, "लोक हसतत गो." तू म्हणायचीस, "हसांदेत. तेवढेच तेंचे दात मोजूक गावतत." निकाल लागला, दाणकन आपटलीस. मी रडायला लागले, तर माझ्यावरच ओरडलीस, "रडतंस कित्याक? हरलंय मी, मेलंय नाय." आणि दुसऱ्या दिवशी रिकामे हंडे घेतलेल्या बायका जमवून वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्यांवर जाऊन बसलीस. पुढच्या उन्हाळ्यात नळ आला.

तुझ्या नातीच्या मतदानाचा दिवस. शाळेच्या पटांगणात ऊन चरचरतंय, कुणी पावात सॉसेज घालून विकतंय. समोरच्या पक्षाची उमेदवार, माझ्याच वयाची बाई, येते आणि माझ्या नाकाला उन्हाचं क्रीम लावते. "तुमची मुलगी मला रडवणार आज," म्हणते. जिंकली मात्र ती बाईच, थोडक्या मतांनी. तुझ्या नातीनं तिला फोन करून अभिनंदन केलं, आम्हा सगळ्यांना जेवायला वाढलं, आणि सकाळी लोकांच्या कुंपणांवरचे स्वतःचे फलक उतरवायला निघाली. तुम्हा दोघींमध्ये मी कशी काय निपजले, कळत नाही.

तिथे मतपत्रिकेवर सगळ्याच उमेदवारांना क्रमांक द्यायचे असतात. आपला पहिला मागे पडला तर मत दुसऱ्याकडे जातं. "म्हणजे मत वाया जात नाही, मम्मा," लेक समजावत होती. मला तिच्यासमोर बसवेना, मी उठून आत गेले.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, वहीतच राहील. तू उभी राहिलीस ते माझं पहिलंच मतदान होतं. तू निवडून येणार नाहीस, हे सगळेच म्हणत होते. मत वाया नको, म्हणून मी शिक्का दुसऱ्याच निशाणीवर मारला, आई.