मुत्तूच्या गोळ्या

तंजावूर, ४ जुलै २०२४

चि. सेतुराम यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. आमचा मुत्तू आजारी आहे. लघवीतून रक्त जातं, शौचाला कुंथतो, पाठ वाकवून चालतो. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटच्या ग्रंथीला जंतूंनी सूज आली आहे. महिनाभर गोळ्या आणि ताप उतरला की खच्चीकरण, नाहीतर दुखणं उलटेल. आज दहावा दिवस, ताप हटत नाही. सोमवारपर्यंत असंच राहिलं तर आत पू धरेल, मग जिवाची खात्री नाही म्हणतात.

गोळी मी स्वतः चुरून दहीभातातून देते, एकही चुकवलेली नाही. दूध देऊ नका म्हणाले, थेंबही दिलं नाही. खच्चीकरणाला मात्र होकार दिलेला नाही. यांनी हातावर वाढवलेला कुत्रा. हे असते तर डॉक्टरांना दाराबाहेर काढलं असतं. आता या घरात माझ्याखेरीज तोच एक हिंडतो. मला फार भीती वाटते.

लोभ आहेच, तो उत्तरात लवकर दिसू दे.

कनकलता

पापनाशम, ६ जुलै

ती. अक्काच्या पायी सेतुरामाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

टपालावर भरवसा न ठेवता शेजारच्या मुरलीकृष्णाबरोबर हे पाठवतो. आधी दही बंद कर. दूध वर्ज्य म्हटल्यावरच मी गोळी ओळखली. तीस वर्षं औषधाचं दुकान उगाच नाही चालवलं. दही काय आकाशातून पडतं, अक्का? त्यात ती गोळी अडकते, अंगात जात नाही. मुत्तूला दहा दिवस औषध जवळजवळ मिळालंच नाही. आजच डॉक्टरांना सांग, लाजू नकोस.

आणि भावोजी काय म्हणाले असते ते राहू दे. हृदयाचं ऑपरेशन त्यांनी असंच नको म्हटलं होतं, आणि आपण दोघं गप्प बसलो.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

सेतुराम

तंजावूर, ९ जुलै

चि. सेतुराम यास आशीर्वाद.

राग आला, रडू त्याहून जास्त आलं. दह्याचं सांगितलं, तरी डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी इंजेक्शनं सुरू केली. सोमवारी ताप तसाच होता. मुत्तूने पाणीही सोडलं. मी त्याच्याशेजारी फरशीवर बसून आहे. माझ्याच हाताने त्याचं हे केलं. आज दुपारी ताप थोडा खाली आहे, पण धोका टळला असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत.

देवाला सांग, मलाही लिही.

कनकलता

तंजावूर, १४ ऑगस्ट

चि. सेतुराम यास अनेक आशीर्वाद.

सूज उतरली. काल खच्चीकरण झालं. मुत्तू गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालून माझ्यावर रुसून बसला आहे, पण जेवतो.

संमतीच्या कागदावर पेन टेकवलं तेव्हा यांचा आवाज कानात आला, नको म्हणणारा. मी तो ऐकला आणि सही केली. सेतु, यांच्या वेळीही मी ऐकून घेऊन सही करायला हवी होती.

तुझा लोभ मला अजून लागणार आहे.

अक्का